मटणाची हमी कोण देणार?

मे २०२५ मध्ये, बकरी ईद तोंडावर आली असताना, पश्चिम आफ्रिकेतल्या नायजर देशाच्या लष्करी सरकारने गाईगुरे, मेंढ्या, बकऱ्या आणि उंट देशाबाहेर विकायला बंदी घातली. सणासुदीला आपल्या लोकांना जनावर परवडले पाहिजे, असे सरकारचे म्हणणे. कांदा महागला की आपल्याकडे निर्यात बंद होते, त्यातलाच हा प्रकार, असे समजून मराठी वाचकाने ही बातमी बाजूला ठेवली तर त्याला दोष देता येणार नाही. पण नायजरच्या दक्षिणेला, दीड हजार किलोमीटरहून लांब सीमेपलीकडे, वीस कोटींहून अधिक वस्तीचा नायजेरिया पसरलेला आहे. इल्लेला, माईगातारी अशा सीमेवरच्या गुरांच्या बाजारांत नायजरची जनावरे येतात, तिथून ती ट्रकमध्ये चढतात आणि हजार-बाराशे किलोमीटरचा प्रवास करून समुद्रकाठच्या लागोसला पोचतात. लागोसच्या रस्त्यावर संध्याकाळी निखाऱ्यावर जे मांस भाजले जाते त्याचे मूळ असे वाळवंटाच्या काठावर असते. तो रस्ता गेल्या काही वर्षांत ठिकठिकाणी अडला आहे.

या गोष्टीत मला रस का वाटावा, हे एका वाक्यात सांगतो. बँकेत नोकरीला असताना परकीय चलनाच्या टेबलावर तांदूळ निर्यातीची बिले माझ्यासमोरून जात. डाकार, आबिजान, कोटोनू, लोमे ही बंदरे मला त्या कागदांवरून पाठ झाली. आपला तुकडा तांदूळ, म्हणजे ज्याला आपण कणी म्हणतो तो, तिकडे जहाजे भरभरून जाई. तो तांदूळ कोण शिजवतो आणि कशाबरोबर खातो, याची विचारपूस मी निवृत्तीनंतर सुरू केली, आणि तांदळाच्या मागे लागून मांसापर्यंत पोचलो.

सेनेगलमध्ये कणीला जो मान आहे तो आपल्याकडे अख्ख्या आंबेमोहोरालाही नसेल. 'चेबू जेन' म्हणजे मासे आणि भात हे त्यांचे राष्ट्रीय अन्न. युनेस्कोने २०२१ मध्ये ते मानवजातीच्या वारशाच्या यादीत घेतले. मासा मसाला भरून तळायचा, टोमॅटोच्या रश्श्यात गाजर, कोबी, वांगे, कसावा यांच्यासह शिजवायचा, मग त्याच रश्श्यात कणी मुरवायची. सेंट लुई शहरातल्या पेंडा म्बाये नावाच्या स्वयंपाकिणीने ते प्रथम केले असे तिकडे सांगतात. कणी आली ती मात्र फ्रेंचांमुळे. सेनेगलच्या शेतकऱ्याला त्यांनी भुईमुगाला जुंपले, त्याची बाजरी मागे पडली, आणि पोट भरायला इंडोचायनातल्या गिरण्यांतला तुकडा तांदूळ आणून दिला. तुकड्याची सवय लागली ती लागली. मासे नसले आणि मांस असले तर त्याच पद्धतीचा 'चेबू याप' होतो. शेजारच्या देशांत हाच भात 'जोलोफ' म्हणून ओळखला जातो. नाव पडले ते सेनेगलातल्या जुन्या जोलोफ राज्यावरून, आणि तो चांगला कोण करतो यावरून घाना आणि नायजेरिया यांचे जे भांडण चालते ते आपल्या पुरणपोळीच्या वादांना लाजवील.

यांखेरीज 'माफे' आहे, म्हणजे शेंगदाण्याच्या दाट कुटात शिजवलेले मांस. वऱ्हाडातल्या किंवा खानदेशातल्या माणसाला ते परके वाटणार नाही. 'यासा' आहे, लिंबू, मोहरी आणि भरपूर कांद्यात मुरवलेली कोंबडी. घानामध्ये 'वाच्ये' आहे, चवळीसारख्या कडधान्याबरोबर शिजवलेला भात. त्यात ज्वारीच्या ताटाची पाती टाकतात, तिने त्याला तांबूस रंग येतो. ज्यांना मांस परवडत नाही ते बेनिनमध्ये आणि घानाच्या उत्तरेला 'वागाशी' तळून रश्श्यात घालतात. हे फुलानी गवळणींचे पनीर. ते नासवायला लिंबू नाही की व्हिनेगर नाही, आपण शनिवारी मारुतीला वाहतो त्या रुईच्या जातीच्या झुडपाचा चीक वापरतात.

आणि 'सूया'. नाव ऐकून मला आधी शिवणाची डबी आठवली, आणि प्रकारही तसाच निघाला: मांसाचे पातळ काप काडीवर ओवलेले. शेंगदाण्याचे तेल काढून उरलेल्या पेंडीची 'कुली-कुली' नावाची कुरकुरीत वडी असते, ती कुटून त्यात सुंठ, मिरची, मीठ मिसळले की 'याजी' हा मसाला होतो. काप त्यात घोळवून निखाऱ्याभोवती काड्या उभ्या करतात. वर कच्चा कांदा आणि टोमॅटो, आणि सगळे वर्तमानपत्राच्या कागदात. सूया विकणारा, 'माई सूया', बहुधा उत्तरेकडचा हौसा मुसलमान असतो. गिऱ्हाईक मात्र कोणीही: चर्चमधून परतणारे कुटुंब, बिअरचा ग्लास हातात घेतलेला कारकून, टॅक्सीवाला. हे मांस गाईचे असते, आणि काही वाचकांना तो उल्लेखही रुचणार नाही, याची मला कल्पना आहे. पण लेख तिथल्या लोकांच्या जेवणाविषयी आहे, तेव्हा त्यांचे जेवण आहे तसेच सांगितले पाहिजे.

इथे एक साधा प्रश्न पडतो. नायजेरियात मुसलमान साधारण निम्मे, घानात पाचांत एक. तरीही या दोन्ही देशांच्या बाजारांतले गाईगुरांचे आणि मेंढ्यांचे मांस बरेचसे हलाल पद्धतीचे असते. ख्रिस्ती गिऱ्हाइकाने तशी मागणी केलेली नसते, आणि त्याला त्याचे काही वाटतही नाही. हे कोणत्या कायद्याने झाले?

कायद्याने नाही, माशीने झाले. समुद्रालगतच्या दमट अरण्यपट्ट्यात त्सेत्से माशी असते. तिच्या चाव्याने होणाऱ्या रोगाने वशिंडाची मोठी गुरे मरतात. त्या रोगाला दाद न देणाऱ्या काही खुज्या स्थानिक जाती आहेत, पण त्या मोठ्या शहरांना पुरणाऱ्या नाहीत. त्यामुळे गुरे पाळायची ती उत्तरेच्या कोरड्या माळावर आणि खायची ती दक्षिणेच्या गर्दीच्या शहरांत, अशी विभागणी निसर्गानेच करून ठेवली. माळावरचे फुलानी धनगर-गवळी कित्येक पिढ्यांचे मुसलमान. जनावरांचा व्यापार करणारे हौसा तेही मुसलमान. दक्षिणेत आल्यावर हे व्यापारी शहराबाहेर परक्यांच्या वस्तीत राहत. घानात अशा वस्तीला 'झोंगो' म्हणतात. मांस हवे असेल तर झोंगोच्या वाटेलाच जावे लागे, आणि तिथे सुरी धरणारा आपल्या धर्माप्रमाणेच ती चालवी.

पण ही झाली निम्मी हकीकत. उरलेली निम्मी माझ्यातल्या बँकवाल्याला अधिक भावली. हजार किलोमीटरवरून जनावरे घेऊन आलेला व्यापारी परक्या शहरात उभा आहे. त्याला भाषा येत नाही. शहरातल्या खाटकाकडे रोकड नाही. मांस विकले गेले की मगच त्याच्या हाती पैसा येणार. जनावरे तर उधारीवर दिल्याशिवाय खपत नाहीत, आणि उभी ठेवली तर रोज वाळतात. हे कोडे सोडवतो तो 'माई गिडा'. हौसा भाषेतल्या या शब्दाचा अर्थ अक्षरशः घरधनी. तो त्याच शहरात स्थायिक झालेला हौसा. त्याच्या घरी व्यापारी उतरतो, जेवतो, राहतो. घरधन्याचे मध्यस्थ बाजारात जनावर विकून देतात. अशा मध्यस्थाला हौसा भाषेत 'दिल्लाली' म्हणतात. अरबीतून निघालेला हा शब्द तिकडे गेला तसाच फारसीच्या वाटेने आपल्याकडे आला आणि 'दलाल' झाला. आपण मात्र त्याची पार अब्रू घालवली.

नायजेरियातल्या इबादान शहराच्या साबो या हौसा वस्तीत साठच्या दशकाच्या सुरुवातीला ॲबनर कोहेन हे मानववंशशास्त्रज्ञ राहिले होते. त्यांनी १९६५ मध्ये या गुरांच्या बाजारातल्या उधारीवर एक निबंध लिहिला आणि १९६९ मध्ये पुस्तक. त्यांनी दाखवले ते असे. जनावर योरुबा खाटकाला उधारीवर दिले जाई आणि पैसे दोन ते चार आठवड्यांनी येत. कसलाही करारनामा नाही, बँक नाही, वकील नाही, कोर्ट नाही. खाटकाने पैसे बुडवले तर घरधन्याने पदरचे भरायचे. म्हणून कोणता खाटिक कसा आहे, त्याचे कोणाकडे किती थकले आहे, याची खबर घरधनी ठेवी. आणि बुडव्याला पुन्हा जनावर मिळू नये म्हणून सगळे घरधनी एकमेकांशी बोलत. उलट दिशेने दक्षिणेतले कोला फळ, जे चघळल्याशिवाय उत्तरेतल्या माणसाचे पाहुणचार होत नाहीत, ते साबोमधून वर जाई. आम्ही बँकेत 'पत अहवाल' म्हणून जे तयार करायचो आणि ज्याच्यावर तीन सह्या घ्यायचो, ते काम इथे संध्याकाळच्या नमाजानंतरच्या गप्पांत होत होते. आणि, मी निदान एवढे म्हणू शकतो की, आमच्या सह्यांपेक्षा ते वाईट होत नव्हते.

दिल्लालीच्या हमीत आणखी एक गोष्ट येई, आणि ती हलालशी थेट जोडलेली आहे. जनावर चोरीचे नाही याची ग्वाही तो देई. हलाल म्हटले की आपल्याला फक्त सुरी आठवते. जनावर जिवंत आणि धडधाकट असले पाहिजे, अल्लाचे नाव घेऊन धारदार सुरीने गळा कापला पाहिजे, रक्त वाहून गेले पाहिजे, हे नियम आहेतच. पण मूळ शब्दाचा अर्थ 'विहित', म्हणजे ज्याला मोकळीक आहे ते. चोरून आणलेले जनावर कितीही विधिपूर्वक कापले तरी ते खाणाऱ्या सच्च्या मुसलमानाच्या घशात अडकते. मराठीने हा व्यापक अर्थ जपला होता. निमकहलाल म्हणताना आपल्या डोळ्यांसमोर सुरी नसते, खाल्ल्या मिठाला जागणारा माणूस असतो.

आपल्या जुन्या गावात मुलाणी होता. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या १९१५ च्या 'गावगाडा'त तो सापडतो. अनेक गावांत जत्रेचे बकरे कापायला मुलाण्यालाच बोलवत, आणि खाणारे बहुतेक हिंदू असत. त्याला बलुते मिळे. तो हलाल करतो म्हणून कोणी त्याला बोलवत नसे. तो आपल्या गावचा मुलाणी होता, रोगट बकरे गळ्यात मारणार नाही एवढी खात्री होती, म्हणून बोलवत. मार्च २०२५ मध्ये महाराष्ट्रात झटका मटणाच्या दुकानांसाठी 'मल्हार' प्रमाणपत्र निघाले आणि त्यावरून बरेच रण माजले. त्या वादात मी इथे शिरत नाही. एवढेच नोंदवतो की हलालचा शिक्का मागणारा आणि झटक्याचा शिक्का मागणारा, दोघांचाही मुलाणी हरवलेला आहे.

पश्चिम आफ्रिकेत तो आता हरवू लागला आहे, आणि त्याची कारणे स्वयंपाकघरातली नाहीत. एक कारण पाऊस आणि जमीन. उत्तरेचा माळ आक्रसला, शेती वाढली, धनगर चाऱ्यासाठी दक्षिणेला अधिक आत, अधिक लवकर उतरू लागले आणि उभ्या पिकात गुरे शिरू लागली. नायजेरियाच्या बेन्यू राज्याने २०१७ मध्ये उघड्यावरची चराई कायद्याने बंद केली. जानेवारी २०१८ मध्ये त्याच राज्याची राजधानी माकुर्डी इथे धनगरांच्या हल्ल्यांत मेलेल्या ७३ जणांचे एकत्र दफन झाले. जून २०२५ मध्ये त्याच राज्यातल्या येलवाटा गावात शंभरावर माणसे मारली गेली. मारले गेलेले शेतकरी ख्रिस्ती, मारणारे फुलानी मुसलमान म्हणवले जाणारे. त्यामुळे चाऱ्याच्या भांडणाला धर्मयुद्धाचा रंग द्यायला दोन्ही बाजूंच्या पुढाऱ्यांना कष्ट पडले नाहीत. बेन्यूमधल्या घरात भावाचे प्रेत पाहिलेल्या माणसाला मी 'हा मूळचा आर्थिक प्रश्न आहे' असे सांगायला जाणार नाही. पण मांस विकणारा हौसा आणि मारेकरी फुलानी यांत त्या माणसाने फरक करावा, अशी परिस्थिती उरलेली नाही, हे मात्र दिसते.

त्याचा फटका कुठे बसला? कोहेन ज्या इबादानमध्ये राहिले त्याच शहरात. फेब्रुवारी २०२१ मध्ये तिथल्या शाशा बाजारात टोमॅटो सांडण्यावरून भांडण जुंपले, एक योरुबा माणूस मेला, आणि मग योरुबा आणि हौसा यांची दंगल पेटली; दुकाने जळाली. उत्तरेतल्या धान्य आणि गुरांच्या व्यापाऱ्यांच्या संघटनेने उत्तरादाखल काय केले असेल? दक्षिणेला माल पाठवणेच थांबवले. सुमारे आठवडाभर गुरांचे आणि कांद्याचे ट्रक वाटेत उभे राहिले, लागोसमध्ये भाव चढले आणि उत्तरेत माल सडला. तडजोड झाली, ट्रक सुटले. पण साठ वर्षांपूर्वी ज्या शहरात करारनाम्याशिवाय उधार मिळत होती, तिथे आता रोख असली तरी माल येईल की नाही ही शंका शिरली.

दुसरे कारण राजकारणाचे. पश्चिम आफ्रिकी देशांचा आर्थिक संघ, ज्याला इकोवास म्हणतात, तो १९७५ मध्ये स्थापन झाला. १९९८ मध्ये त्याने कळपांसाठी एक दाखला काढला: तो दाखवला की धनगराने गुरांसह सीमा ओलांडावी. माणसाला व्हिसा मिळायची मारामार असलेल्या जगात बैलांना परवाना देणारी ही व्यवस्था मला फार शहाणपणाची वाटते. जुलै २०२३ मध्ये नायजरमध्ये लष्कराने सत्ता घेतली, इकोवासने निर्बंध लादून सीमा बंद केल्या, त्या फेब्रुवारी २०२४ पर्यंत बंद होत्या. पुढे माली, बुर्किना फासो आणि नायजर हे तिन्ही देश जानेवारी २०२५ मध्ये संघातून बाहेर पडले. नकाशा पाहावा: गुरे पाळणारे देश बाहेर, गुरे खाणारे देश आत. त्यात नायजेरियाने जून २०२३ मध्ये आपले चलन मोकळे सोडले. तोवर डॉलरला साडेचारशेच्या आसपास नायरा पडत, २०२४ मध्ये दीड हजारांच्या घरात गेले. नायजरच्या व्यापाऱ्याच्या खिशातला सीएफए फ्रँक युरोला बांधलेला. तीन आठवड्यांनी मिळणाऱ्या नायरावर आज बैल उधार कोण देईल? मी त्याच्या जागी असतो तर मीही दिला नसता.

तिसरे कारण बंदूक. मालीत आणि बुर्किना फासोत अल कायदाशी जोडलेल्या टोळ्या गुरे पळवतात, आणि ज्यांची पळवत नाहीत त्यांच्याकडून जकातीच्या नावाने कळपातला हिस्सा घेतात. धर्माच्या नावाने लढणाऱ्यांनी चोरलेला बैल चार हात फिरून एखाद्या बाजारात उभा राहतो. दिल्लाली तो चोरीचा नाही म्हणून सांगेल तरी कसा? जुलै २०२५ मध्ये यातल्याच एका संघटनेने मालीच्या काय शहराची कोंडी जाहीर केली, सप्टेंबरपासून इंधनाचे टँकर जाळायला सुरुवात केली. बामाकोहून डाकारला जाणारा रस्ता याच शहरावरून जातो.

सेनेगलचे सारे त्या रस्त्यावर आणि मॉरिटानियाच्या सीमेवर अवलंबून असते, कारण बकरी ईदेला, तिकडच्या भाषेत 'ताबास्की'ला, घरटी एक मेंढा हा तिथला अब्रूचा प्रश्न आहे. सरकार सणापूर्वी बाहेरून येणाऱ्या मेंढ्यांना करात सूट देते. 'लादूम' नावाचे घोड्याएवढ्या डौलाचे मेंढे तर हौसेने गच्चीवर पाळले जातात आणि मोटारीच्या किमतीला विकले जातात. ती श्रीमंतांची गोष्ट. साधा पगारदार मेंढ्यासाठी कर्ज काढतो. सणाचा एक भाग स्वतःला, एक नातेवाइकांना आणि एक गरिबाला, आणि ख्रिस्ती शेजाऱ्याच्या घरीही ताट जाते. त्या बदल्यात ईस्टरला ख्रिस्ती घरांतून 'न्गालाख' ही बाजरी, शेंगदाणे आणि गोरखचिंचेची गोड खीर येते. मेंढाच आला नाही तर ही देवघेव अर्धी अडते.

आता पुन्हा तांदळाकडे येतो, कारण त्या मेंढ्याखालचा भात आपला आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये भारताने कणीची निर्यात बंद केली, जुलै २०२३ मध्ये बासमती सोडून बाकी पांढरा तांदूळही. सेनेगल आणि गांबियाला सरकारी पातळीवर काही वाटा दिला गेला, पण बाजार मोकळा झाला तो पांढऱ्या तांदळासाठी सप्टेंबर २०२४ मध्ये आणि कणीसाठी मार्च २०२५ मध्ये. आपली कारणे होती: पाऊस कमी, भाव चढते, निवडणूक पुढे. नायजरलाही कारण होतेच. टेबलावर बसून कोटोनूची बिले पाहताना, एवढासा बेनिन देश इतका तांदूळ खातो तरी कसा, असे आम्ही एकमेकांना विचारायचो. त्यातला बराच रात्री नायजेरियात उतरत असे. तो थांबवायला नायजेरियाने ऑगस्ट २०१९ पासून डिसेंबर २०२० पर्यंत आपल्या जमिनीवरच्या सीमा बंद ठेवल्या. बंदी घातली की माल थांबतो असे सरकारांना वाटते. माल थांबत नाही; त्याच्यामागची हमी तेवढी नाहीशी होते, आणि मधल्या माणसाचा दर वाढतो.

या पोकळीत पुठ्ठ्याचे खोके येते. ब्राझील हा हलाल कोंबडीचा जगातला सगळ्यात मोठा निर्यातदार. घानाच्या बाजारात ब्राझील, अमेरिका आणि युरोप इथल्या गोठवलेल्या तंगड्या मिळतात, आणि त्या गावठी कोंबडीपेक्षा स्वस्त असतात. ब्राझीलच्या खोक्यावर हलालचा शिक्का असतो. तो खोटा आहे असे मी म्हणत नाही. शिक्क्याची गरज पडते तिथे तो द्यावाच लागतो. सेनेगल-मालीहून पॅरिसला गेलेल्या माणसाला तिथे कोणता घरधनी भेटणार? म्हणून फ्रान्स सरकारने १९९४ मध्ये पॅरिसच्या आणि १९९६ मध्ये एव्री आणि लिओनच्या मशिदीला सुरी धरणाऱ्यांना ओळखपत्रे द्यायचा अधिकार दिला. पण शिक्का एका प्रश्नाचे उत्तर देतो: सुरी कशी चालली. उधार कोण देईल, पैसे बुडाले तर कोण भरेल, जनावर कोणाचे होते, याबद्दल तो गप्प असतो. सेनेगलने २००५ मध्ये बर्ड फ्ल्यूचे निमित्त करून परदेशी कोंबडी बंद केली आणि पुढे ती बंदी उठवली नाही. तिथे कोंबडीपालनाचा धंदा उभा राहिला, आणि 'यासा' देशी कोंबडीचा होतो. मुक्त व्यापाराच्या पोथीत हे बसत नाही, तरी मला तो निर्णय पटतो.

मीरा रोडला पश्चिम आफ्रिकेतून आलेल्या लोकांच्या छोट्या खाणावळी आहेत. तिथे एकीत मी जोलोफ खाल्ला. चालवणाऱ्या बाई इग्बो, पक्क्या ख्रिस्ती, भिंतीवर येशू. मटण कुठून आणता, तर पलीकडच्या गल्लीतल्या मुसलमान खाटकाकडून. का, तर 'आमच्याकडेही गुरे हौसांच्याच बाजारातून येतात, सवय आहे. आणि हा भाई महिनाअखेरीला हिशेब करतो.' बाईंच्या दृष्टीने दुसरे कारण पहिल्याइतकेच वजनदार होते.

नायजेरियाने जुलै २०२४ मध्ये पशुधनाचे वेगळे मंत्रालय काढले. फिरत्या कळपांऐवजी बंदिस्त कुरणे करायची, जनावरे उत्तरेतच कापायची आणि थंडगार मांस ट्रकने दक्षिणेला पाठवायचे, असा विचार तिकडचे जाणकार बरीच वर्षे मांडत आहेत. हिशेब सोपा आहे. जिवंत बैल प्रवासात वाळतो, वाटेत मरतो, प्रत्येक नाक्यावर पैसे मागतो. मांस यातले काही करत नाही. चारचौघांत ही योजना मीही हिरिरीने मांडली असती. अडचण आहे ती विजेची, कारण चोवीस तास थंड ठेवणारी वीज तिथे भरवशाची नाही. आणि दुसरी अडचण बैलाच्या उरलेल्या अंगाची.

लागोसमध्ये आगेगे भागात ओको ओबा इथे मोठा कत्तलखाना आहे. तिथे एका बैलाचे जे होते ते पाहण्यासारखे असते म्हणतात. चांगले मांस खाटिक घेतो. पण नायजेरियन माणूस कातडेही खातो. भाजून, खरवडून, उकडून रश्श्यात घातलेल्या कातड्याला 'पोन्मो' म्हणतात, आणि कातडी कमावणारे कारखानदार त्याबद्दल कायम कुरकुरत असतात. पोटाची पिशवी म्हणजे 'शाकी'. पाय वेगळे, डोके वेगळे, आतडी वेगळी. या प्रत्येकाच्या वेगळ्या विक्रेत्या असतात, बहुतेक बायका. मांसाची फोड न परवडणाऱ्या घरातल्या हंडीत जे शिजते ते या बायकांच्या टोपलीतले. त्या पहाटे माल उचलतात, तो बराचसा उधार. संध्याकाळी विकून पैसे आणून देतात, आणि दुसऱ्या दिवशीचा माल त्यावर मिळतो. थंड ट्रकमधून येणाऱ्या खोक्यात शाकी असेल की नाही, आणि असली तर ती पहाटे उधार कोण देईल, हे त्या योजनेच्या मी वाचलेल्या कोणत्याही मांडणीत नव्हते.